शेवटची पेस्टी

लव्हडे ट्रेगीअर बाईंच्या पत्राला एडमंडने उत्तर दिलंच नव्हतं. ‘रविवारी जेवायला या, काय आवडतं ते कळवा,’ एवढंच त्यांनी लिहिलं होतं; पण जन्मभर पुस्तकात डोकं खुपसून डबाबंद सूप आणि टोस्ट खाल्लेल्या माणसाने कळवायचं तरी काय?

यंदा चर्चमधल्या सुगीच्या जेवणाला तो पहिल्यांदाच आला आणि त्याची जीभ खुळावली. बटाट्याच्या कापांखाली मुरलेलं लँकेशायरचं मटण, वेल्सचं दाट कालवण, आल्याचा चिकट केक! हे सगळं आपल्याच देशात शिजतं?

“एडमंड, बाकीच्यांना ठेव की रे बाबा!” वाढणारी मेबल ओरडली.

लाजत लाजत त्याने टोपलीत उरलेली एकुलती एक पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठ्या करंजीसारखी, उचलली आणि हाताला आलेल्या टोकाकडून खायला सुरुवात केली.

“अहो, उलटी धरलीत!” लव्हडेबाई धावत आल्या. “आमच्या कॉर्नवॉलात त्या टोकाला खाणाऱ्याच्या नावाचं अक्षर काढतात. ते शेवटी खायचं, म्हणजे अर्धवट ठेवली तरी कुणाची ते कळतं.”

एडमंडने खाल्लेल्या टोकाकडे पाहिलं; अक्षर केव्हाच पोटात गेलं होतं. “अरे देवा! मग मी खाल्ली कुणाची?”

“दर सुगीला करते आणि तशीच घरी परत नेते,” त्या खाली बघत म्हणाल्या. “यंदा ज्याची त्यानेच उचलली.”

घरी पोचताच त्याने पत्र लिहून कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीत टाकलं: ‘काय आवडतं ते कळलं. रविवारी येतो.’