कमी झालेला खर्च

नेपरव्हिलच्या घराच्या क्लोजिंगला, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्यांना, मी बाबांच्या जागी बसले होते, शेजारी आई मुठीत बाबांचं पेन धरून. शहाऐंशीच्या सप्टेंबरात सह्या व्हायच्या होत्या, पण पितृपक्षात घर घ्यायचं नाही म्हणून आई अडून बसली आणि बाबांनी हसत तारीख पुढे ढकलली. त्याच पंधरवड्यात ते गेले. बँकेच्या बाईंनी नव्या खर्चाचा कागद सरकवला. व्याज वाढलं होतं, तरी एकूण आकडा अंदाजापेक्षा खाली आला होता. बाबांच्या कर्जविम्याचा हप्ता वगळला होता. ठरल्या दिवशी सह्या झाल्या असत्या, तर बाबा गेल्यावर त्या विम्याने सगळं कर्ज फेडलं असतं. आईने हळूच विचारलं, "माझ्या हट्टापायी काही नुकसान नाही ना झालं गं?" "नाही आई, उलट खर्च कमीच झालाय." तिने पेन उघडलं आणि स्वतःच्या नावापुढे बाबांचं नाव जपून लिहीत सही केली.