एप्रिलचा स्वस्त बर्फ

ओटो जिन्यावरून पडला, पाय मोडून बसला, आणि लुडविकचा वर्षभराचा बेत ऐन वेळी लटकला.

दर एप्रिलला हे दोघे मित्र आपल्या ब्रनो शहरातून गाडी काढून सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या एका दरीत स्कीला जायचे. हंगाम संपत आलेला, खालच्या बर्फाचा चिखल झालेला, म्हणून खोल्या निम्म्या भावात. पेन्शनीत बसणारी चैन तेवढीच. ओटो दिवसभर डोंगरावर असायचा आणि लुडविक दिवसभर रादिमच्या घरी. त्याच्या स्कीची पिशवी गाडीतून उतरायचीसुद्धा नाही.

रादिम म्हणजे त्याचा मुलगा. त्या दरीतल्या एका खानावळीत स्वयंपाकी. आजीच्या अंत्यविधीला तो आला नाही, तेव्हा त्याच्या आईने, ब्लांकाने, या घरात त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही असं बजावलं होतं. त्याला सहा वर्षं झाली. ब्लांका एकदा बोलली की बोलली. मधल्या काळात रादिमचं लग्न झालं, मुलगा झाला. लुडविक वर्षातून एकदा चोरासारखा जाऊन नातवाला खेळवून यायचा. तेवढ्या एका आठवड्यावर तो बाकीचं वर्ष ढकलायचा. ब्लांकाला सुगावा लागला तर तो आठवडाही जाईल, ही धास्ती त्याच्या मनातून कधी गेली नाही.

"ओटो नाही तर मी येते," ब्लांका बटाटे सोलता सोलता म्हणाली.

खर्च वाढेल, लुडविक म्हणाला. दोघांना खोली एकच लागते, ती म्हणाली. बर्फ उरला नसेल, तो म्हणाला. दरवर्षी तर उत्तम असतो ना, ती म्हणाली. मग त्याने स्लोव्हाकियाचं टुमणं लावलं. जवळ आहे, स्वस्त आहे, भाषाही कळते.

"त्या दरीचं कौतुक ऐकून माझे कान किटले," ब्लांका म्हणाली. "आता मला ती बघू दे."

आपल्याच थापा आपल्याच गळ्यात पडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तिने खोली ठरवूनही टाकली. रादिमच्या खानावळीपासून हाकेच्या अंतरावर. म्हणे, सगळ्यात स्वस्त तीच होती.

त्याला एकाच गोष्टीचा धीर वाटला. स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचे पास आधी घेतले की बरेच स्वस्त पडतात, पण पावासाठी तीन दुकानं फिरणारी ही बाई 'तिथे गेल्यावर बघू' म्हणाली. म्हणजे तिचं अजून नक्की नसावं, असं लुडविकने स्वतःला समजावलं. रात्रीची झोप मात्र उडाली ती उडालीच. दिवसा तो खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचा.

शेवटी गॅरेजच्या मागे जाऊन त्याने रादिमला फोन केला. आई येतेय, आठवडाभर तिच्या नजरेला पडू नकोस, पोराला घरातच ठेव, असं सांगताना त्याला स्वतःची लाज वाटली.

रादिम म्हणाला, "पोरगं रोज विचारतंय, आजोबा कधी येणार. त्याला काय सांगू, बाबा?"

लुडविकने 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला.

इकडे ब्लांकाची तयारी जोरात होती. ती डोंगरातली पोर, त्यामुळे स्कीची निगा पहिल्यापासून तिच्याकडे. दर एप्रिलला ती तळघरात बसून स्कीच्या तळाला इस्त्रीने मेण लावायची आणि पिशवीत भरून तोंड बांधून ठेवायची. मेण गार झालं की ते खरवडून काढावं लागतं, नाही तर स्की घसरायची सोडून बर्फाला चिकटून बसते. हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल.

ती काही शोधत होती, तेव्हा कपाटातून एक लहानसा लाल हातमोजा खाली पडला. मागच्या वर्षी तो त्याच्याच कोटाच्या खिशात निघाला होता. लिफ्टमध्ये सापडला, कुणा पोराचा असेल, असं त्याने तेव्हा ठोकून दिलं होतं. तिने तो उलटसुलट पाहिला होता आणि धुऊन ठेवला होता. आत्ताही तिने तो नुसता उचलून खिशात टाकला.

निघायच्या सकाळी तिने श्नित्झेलची, पावाच्या चुऱ्यात घोळलेल्या मांसाच्या कापांची, ही चळत तळली. ब्रनोचा माणूस महागड्या ऑस्ट्रियात जेवण विकत घेत नाही हे खरं, पण एवढ्यात एक अख्खं कुटुंब जेवलं असतं.

"कोण खाणार एवढं?" लुडविकने विचारलं.

"डोंगरात भूक लागते," ती म्हणाली.

तो सामान गाडीत भरू लागला. या वेळी तिच्याबरोबर खरोखरच डोंगर उतरायचा होता. म्हणून सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने स्कीच्या पिशवीची गाठ सोडली. तळावर मेणाचा जाड थर तसाच होता.

"अगं, खरवडायचं विसरलीस."

"विसरले होते ते सहा वर्षांपूर्वी," ब्लांका म्हणाली. "तू परत येऊन म्हणालास, स्की लोण्यावरून घसराव्यात तशा पळाल्या. मग मी खरवडायचं सोडूनच दिलं."

लुडविक जागच्या जागी उभा राहिला. संपलं सगळं, त्याला वाटलं.

"बघतोस काय? माझीही पिशवी ठेव आत," ती म्हणाली. "जपून."

पिशवी हलकी होती. आखूडही होती. त्याने तिचं तोंड उघडलं. आत लहान मुलाच्या जुन्या स्की होत्या, नीट खरवडून लख्ख केलेल्या. वर तो लाल हातमोजा होता आणि त्याच्या जोडीला तसाच दुसरा, नवाकोरा.

"तो जुनाही मीच विणला होता," ब्लांका गाडीत बसत म्हणाली, "रादिमसाठी."