तळहात

एकही बॉल हलला नाही.

"पुन्हा," सिस्टर म्हणाली. "आजोबा, फुंकायचं नाही. आत ओढायचं."

पलंगावर बसलेल्या म्हाताऱ्याने नळी तोंडात धरली. नळीच्या टोकाला प्लॅस्टिकचा डबा, त्यात तीन कप्पे, तीन बॉल. निदान दोन वर गेले तर उद्या ऑपरेशन. नाहीतर भूल देणारे डॉक्टर पुढे ढकलणार, आणि पोटातली गाठ काही कुणासाठी थांबायची नाही.

ते डॉक्टर तपासत तपासत शेजारच्या खोलीत पोचले होते. आवाज येत होता.

ओढलं. मानेच्या शिरा टरारल्या. बॉल ढिम्म.

"लाल घे," नळी काढून तो लेकीला म्हणाला.

"बाबा, आत्ता व्हॅक्युम मशीन?"

"ट्रायलला दोन आणलीत, संध्याकाळी दुकानवाले एक परत न्यायला येतील ना? लाल ठेव. सक्शन बघितलंस त्याचं? पाइपच्या तोंडावर तळहात धरला तर सुटता सुटत नाही."

जन्मभर लोकांचे गालिचे साफ केले त्याने, आणि प्रत्येक मशीन असंच पारखलं. आता धंदा लेक बघत होती.

"हात चिकटतो तेव्हा आत हवा जातच नाही, बाबा. आणि धूळ येते ती हवेबरोबर. काल हॉटेलच्या गालिच्यावर दोन्ही फिरवली. लाल जागच्या जागी चिकटून बसलं. निळ्याचं सक्शन कमी, पण हवा भरपूर. मूठभर वाळू काढली त्याने."

"आता तू मला शिकव."

"पुन्हा," सिस्टर.

त्याने डावा तळहात चादरीवर दाबला. ओढलं. चेहरा जांभळा. ओठांच्या फटीतून एक बारीक, चढत जाणारी शिट्टी. लेक दाराकडे, खिडकीकडे, परत दाराकडे, परत

थांबली.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पाइपात मोजा अडकला की मशीन असंच किंचाळतं.

"बाबा, जीभ कुठे ठेवता?"

"तोंडात. आणखी कुठे ठेवू?"

"नळीच्या भोकावर ठेवताय. चिकटतेय ना?"

"मग? चिकटली म्हणजे बरोबर लागलं."

सिस्टरने तोंडावर हात धरला. लेक हसली नाही.

"चोक झालाय पाइप. जीभ खाली. दमानं ओढा."

डॉक्टरांचे बूट दारापर्यंत आले. थांबले.

म्हाताऱ्याने नळी धरली. डोळे मिटले. काहीच आवाज नाही.

पहिला बॉल. दुसरा. दोन्ही वर, तरंगत. तिसरा तळाशी थरथरतोय.

"सोडू नका," लेक कुजबुजली. मग, अगदी हळू, "निळं ठेवू?"

नळी तोंडात. बोलणार कसा. त्याने चादरीवर दाबलेला तळहात उचलला. जरासाच. खालून वारा जाईल एवढा.