नमुन्याची शेंगोळी

कंपनीच्या वर्धापनदिनाचं जेवण कुणाला द्यायचं, हे मोनिकाने ठरवायचं होतं. काष्टीच्या राहीबाईंनी नमुना म्हणून आणलेली शेंगोळी सगळ्या ऑफिसने बोटं चाटत खाल्ली. साहेबांनी तर दोनदा वाढून घेतली. मोनिका होकार कळवायला उठली, तेवढ्यात साहेबांनी सहज विचारलं, “बाईंचं आडनाव काय?” तिने सांगितलं. त्यांनी ताटली बाजूला सारली. “त्यांच्या हातचं आपल्याकडचे काहीजण खाणार नाहीत. दुसरं कुणीतरी बघा.” मोनिका “बरं, सर” म्हणाली. बाहेर राहीबाई रिकामा डबा घेऊन थांबल्या होत्या. मोनिकाने त्यांना नकार कळवला. “आवडलं न्हाई का, ताई?” “मीठ जरा जास्त झालं होतं,” मोनिकाच्या तोंडून निघून गेलं. राहीबाई ओशाळल्या. डब्याच्या कडेचा रस्सा बोटाने पुसून त्यांनी जिभेवर ठेवला, पुन्हा चाखून पाहिला. “व्हय, ताई,” त्या हळूच म्हणाल्या, “चुकलंच माझं.” मोनिकाला त्यांच्यापुढे मान वर करवेना.