गाढ झोप

लेकीच्या व्हिडिओ-प्रदर्शनाचा विषय होता, 'झोपेतही जागं असलेलं मन'. आप्पा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. पडद्यावर त्यांचीच बायको, माई, गाढ झोपलेली. लेकीने तिच्या उशाशी एकेक आवाज वाजवून पाहिला होता. दाराची बेल वाजली, फोन वाजला, धाडकन भांडं पडलं. माई ढिम्म हलली नाही.

"आमच्या घरातला कुंभकर्ण!" आप्पा मागे वळून म्हणाले. सगळा हॉल खो खो हसला. शेजारी बसलेली माईसुद्धा हसली.

मग स्पीकरमधून नुसतं एक खाकरणं ऐकू आलं. आप्पांचंच, रोजचं, आरामखुर्चीतलं. पडद्यावरची माई मिटल्या डोळ्यांनीच धडपडून उठून बसली.

"आणते, आणते हं... झालंच!"

लोकांचं हसू जागच्या जागी विरलं. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माईशी काहीतरी बोलायला हवं होतं. घसा मोकळा करायला ते हळूच खाकरले.



आणि शेजारची माई पाणी आणायला उठली.