आवाजातले चढउतार

“आता हेच वाक्य रागानं म्हणा, काका,” ऋजुता चौथ्यांदा म्हणाली. कंपवात झालेल्या माणसांच्या आवाजावर ती संशोधन करत होती.

“चहा गार झालाय,” शेट्येकाका म्हणाले. मघाशी आनंदात आणि दुःखात म्हटलं होतं तसंच, एका सुरात.

शेजारी बसलेल्या प्रमिलाकाकूंचा संयम सुटला. “घरीसुद्धा असंच! लेकीचं लग्न ठरलं, तर बातम्या वाचल्यासारखं ‘छान झालं’ म्हणाले. वर्षभर भिंतीशी बोलतेय मी. यांना आता कशाचं काही वाटतच नाही.”

“वाटतं त्यांना, काकू,” ऋजुता म्हणाली. “या आजारात आवाजातले चढउतार जातात, मनातलं काही जात नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“हात थरथरतील, एवढंच सांगितलं होतं.” काकू चिडून नवऱ्याकडे वळल्या. “मग तुम्ही तरी बोलायचंत ना!”

“बोललो होतो,” काका त्याच सुरात म्हणाले. “तुझ्या ऑपरेशनच्या सकाळी म्हणालो, मला फार भीती वाटतेय. तू म्हणालीस, खरंच वाटत असती तर आवाजात कळली असती.”

काकूंना ती सकाळ लख्ख आठवली. त्या तोंड फिरवून स्ट्रेचरवर पडून राहिल्या होत्या.