पहिली आंघोळ

सिस्टर कोलेटने टबातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि बाळाला हळूच आत सोडलं. "झालं हं राणी, आता फक्त डोकं," ती म्हणाली. बाळ हललं नाही. पहाटे जन्मलं तेव्हाच त्यात जीव नव्हता.

पलंगावरून बाळाची आई, टेगन, बघत होती. तिची आई पर्थहून निघाली होती, अजून पोचायची होती. सोबत होती ती टेगनची आजी, नोरीन. ती भिंतीला खेटून उभी होती, पर्स छातीशी धरून.

"सिस्टर, घेऊन जा ना तिला," ती अखेर म्हणाली. "पोरीला कशाला दाखवता? जन्मभर डोळ्यांपुढे राहील."

"राहू दे की, आजी. आता आम्ही नेत नाही. आईला हवं तितका वेळ बाळ इथेच."

"आमच्या वेळी सिस्टर पडदा ओढायच्या." नोरीनचा आवाज चढला. "फडक्यात गुंडाळून घेऊन गेल्या. दूध आटावं म्हणून छाती आवळून बांधली. रडायला लागले तर म्हणाल्या, हळू, शेजारच्या खाटेवरचं बाळ झोपलंय. मुलगा की मुलगी, तेवढंसुद्धा सांगितलं नाही मला."

बाहेरून गव्हाचा एक ट्रक गेला. टेगन उठून बसली.

"आजी? कधी?"

"सहासष्ट साली. तुझी आई व्हायच्या आधी."

"आईला माहितीये?"

"तुझ्या आजोबांशीसुद्धा त्याबद्दल परत कधी बोलले नाही मी."

कोलेटने बाळाला टिपलं, गावातल्या बायकांनी विणून दिलेली पिवळी टोपी घातली. टेगनने हात पुढे केले, मग मागे घेतले.

"आधी आजीकडे द्या."

नोरीन नको नको म्हणत राहिली, पण पर्स तिने कधीच खाली टाकली होती. बाळाचं वजन दंडावर आलं तसं तिने त्याला छातीशी धरलं. कोलेटने तिला पलंगाच्या कडेला बसवलं. नोरीनने टोपी जराशी मागे सारली. केस तांबूस होते, ओले.

ती म्हणाली, "सिस्टर, माझ्या बाळालाही कुणी आंघोळ घातली असेल ना?"

कोलेटच्या खिशातला फोन वाजला. तिने तो न बघताच बंद केला.

"मला माहीत नाही, आजी," ती म्हणाली आणि ओल्या हातांनी तशीच तिच्या शेजारी पलंगावर बसली.